एक दिवसाआड रक्त

रेवती होगाडेला वाटलं होतं, देवमाळमधल्या लोकांचे पाय तंबाखूने, साखरेने आणि दुखणं अंगावर काढायच्या सवयीने बिघडत असतील. प्रत्यक्षात देवमाळमध्ये पायांना रक्त एक दिवसाआड सुटत होतं.

ती एडिंबरोला धमन्या आणि शिरांची शस्त्रक्रिया शिकली होती. तिथली नोकरी नाकारून ती वडिलांच्या या यंत्रमागांच्या गावात, नगरपालिकेच्या दवाखान्यात रुजू झाली. येताना तिने बायपाससाठी लागणाऱ्या नळ्यांची वेटोळी आणली, आणि भाषणंही पुष्कळ तयार करून आणली. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. ‘चालताना पोटरीत गोळा येतो का?’ असं तिने विचारलं की पेशंट म्हणे, “येतो की. पण आमचा दिवस नसला तरच.”

खालच्या पेठेत अशा कोरड्या दिवशी माणसं दहा पावलं चालून थांबत. त्यासाठी रस्त्याकडेला पकडायला लोखंडी दांडे लावले होते, आणि दांड्यांवर नगरसेवकाचं नाव होतं. मागावर उभ्या राहणाऱ्या बायका साठवण करत. त्यांच्या गुडघ्यांमागे शिरांची निळी वेटोळी फुगलेली असत. मुलगी बघायला आलेले लोक आधी तिच्या पोटऱ्या बघत. गाठी ठसठशीत असल्या की मुलगी संसारी निघणार, असं मानत.

“हे साठवलेलं रक्त कामाचं नाही,” रेवती आपल्या आत्याला सांगत होती. “ते शिळं असतं. वर परत जात नाही, नुसतं साचून राहतं.”

“शिळं तर शिळं,” शालनआत्या म्हणाली. “नसल्यापरीस बरं की. तुझ्या त्या गोऱ्यांच्या देशात रोज सुटतं व्हय?”

“सगळीकडे रोज सुटतं, आत्या! चोवीस तास!”

“चोवीस तास?” आत्या हसली. “मग माणसं झोपतात कधी?”

शालनआत्याने उभा जन्म मागावर काढला होता. तिच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. पायाला काही आठवडे सलग रक्त मिळालं, तर अंगठा वाचणार होता. नाही मिळालं, तर आधी अंगठा आणि मग पाऊल जाणार होतं. रेवती आत्याचा केसपेपर घेऊन तडक रक्तपुरवठा खात्यात गेली.

अभियंता पाटोळे स्टुलावर पाय ठेवून बसले होते. पाय गुलाबी होते. त्यांनी चहा मागवला.

“खालच्या पेठेला दाब मिळत नाही, हे खरं आहे, मॅडम.”

“हृदयातून येत नाही?”

“हृदयातून पूर्ण येतं. वाटेत टेकडीवरची शिखर कॉलनी लागते. तिला चोवीस तास द्यावं लागतं.”

“त्यांना चोवीस तास कशाला? ती माणसं चालतात तरी का? गेटपर्यंत गाडीने जातात!”

“म्हणूनच तर,” पाटोळे शांतपणे म्हणाले. “न चालणाऱ्या पायात रक्त तुंबतं. गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जागच्या जागी जातो. त्यांचा पुरवठा वाहता ठेवावाच लागतो. आपल्याला मी काय सांगणार?”

गुठळीचं सगळं बरोबर होतं. त्यामुळे रेवतीचं डोकं आणखीच तडकलं.

“ठीक आहे. मी बायपास करते. गाळाने बंद झालेला भाग सोडून वरून नवी वाट काढून देते.”

“मुख्य वाहिनीवरून? ती बेकायदा जोडणी होईल. आपल्या आधीच्या डॉक्टरांनी एक केली होती. आम्हाला तोडावी लागली.”

“जोडणी?”

“पाय. जोडणी पायातच होती ना.”

रेवतीने कप बशीत आपटला. चहा टेबलावर सांडला. पाटोळ्यांनी तो फडक्याने पुसला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, “आत्यांचा अंगठा काढून टाका. मागणी कमी झाली की उरलेल्या पायाला दाब बरा मिळतो. खालच्या पेठेतले लोक फार समजूतदार आहेत, मॅडम. बोटं आपणहून सोडतात. पंधरा ऑगस्टला आम्ही त्यांचा सत्कार करतो.”

“लाज नाही वाटत तुम्हाला?”

“वाटते. म्हणून तर शाल चांगल्यातली देतो.”

ती दारापर्यंत गेली आणि मागे वळली. “शिखर कॉलनीतले लोक एवढ्या रक्ताचं करतात काय?”

“घरात आलेलं रक्त कोण कुठे वापरतं, हे खातं बघत नाही. बरेचजण गुलाबांना घालतात. आपणही तिथेच राहता. आपल्या क्वार्टरला दाब बरा आहे ना?”

रेवतीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. आल्यापासून ते एकदाही गार पडले नव्हते. आपल्या चांगल्या सवयींमुळे तसं असेल, असं ती समजत होती.

ती आत्याकडे गेली, तेव्हा आत्या ट्रंकेतून लुगडं काढत होती.

“अंगठा देऊन टाकते गं. नगरसेवक येऊन गेला. उद्या सकाळी काप तू. घरच्या माणसाचा हात असला की भ्या वाटत न्हाई.”

“तुला राग कसा येत नाही, आत्या?”

“येतो की,” आत्या म्हणाली. “पर रागाला पण रगत लागतं. आज आमचा दिवस न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनआत्या ऑपरेशनच्या टेबलावर ते लुगडं नेसूनच झोपली होती. पाय साबणाने घासून आणला होता. सिस्टरने कापायची हत्यारं मांडली. रेवतीने तो सगळा ट्रे उचलून कोपऱ्यात ठेवला, दुसरं टेबल आत्याच्या टेबलाला चिकटवलं आणि त्यावर बसून आपल्या मांडीला आयोडीन लावायला घेतलं.

“काय करतीस गं?”

“माझ्या धमनीतून तुझ्या पोटरीला जोडणी देते. माझ्या वाट्याचं रक्त आहे. खातं बघत नाही.”

“म्हंजे तुला माझ्यासंगंच ऱ्हावं लागंल.”

“राहीन.”

“शिखर कॉलनी सोडून?”

“मी कॉलनीतच राहणार. नाहीतर दाब जाईल. तू माझ्याकडे यायचं.”

“आणि माग कोण चालवंल? तू?” आत्या कोपरावर उठून बसली. “नळी लांब घे. टेकडीवरनं खाली मागापत्तुर पुरली पायजे.”

रेवतीने नळी कापायला घेतलेली कात्री खाली ठेवली आणि कपाटातलं अख्खं वेटोळं काढलं.

“पुरंल,” आत्याने अंदाज घेतला आणि पुन्हा आडवी झाली. “मधे एक तोटी बशीव. शेजारच्या कलावतीच्या दाराशी. तिची दोन बोटं गेल्यात, तिसरं तरी ऱ्हाऊ दे.”

रेवतीने सिस्टरला पाठवून एक तोटी मागवली. मग पुन्हा हाक मारून सांगितलं, असतील तेवढ्या आण.