काठीवरची खाच

टायर घेताना माणसं त्यावर अंगठा दाबतात, लाथ मारून बघतात, किंमत ऐकून सुस्कारा टाकतात. आमचे दाऊदभाई टायरशेजारी काठी उभी करत. छातीएवढी बांबूची काठी, आणि तिच्यावर बरोबर त्यांच्या कमरेला येईल अशी कोयत्यानं पाडलेली खाच. आखातातल्या शर्कच्या मासळीबाजारामागच्या गॅरेजांतून ते ही काठी घेऊन फिरू लागले की फिटर लोक हातातले पाने खाली ठेवून बघत बसत.

बनेद अल-गारला एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघं सहा वर्षं राहिलो. मी कंपनीत कारकून, ते शुऐबा बंदराकडे बांधकामाचं सामान पोचवणारे ड्रायव्हर. खालची गार खोली रिकामी असताना गच्चीवर भाजून निघायचं कारण एकच. "आनि पानी चढला तर?" ज्या गावात प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं हा रत्नागिरीकडचा खाडीकाठचा माणूस पुराला भीत होता. मी हसायचो. हसण्यासारखं माझ्या आयुष्यात तेव्हा दुसरं फारसं काही नव्हतं.

त्यांच्याकडे स्वतःची एक जुनी पिकअप होती. तिकडे पिकअपला वानेत म्हणतात. ती मचव्यात, म्हणजे शिडाच्या गलबतात, घालून गावी न्यायची, हा त्यांचा बेत. गाव खाडीपल्याड, आणि डॉक्टर अल्याड. खाडीवर पूल नाही. ओहोटीला होडी काठच्या चिखलात रुतते, बैल पाण्यात उतरत नाही. तेव्हा वानेतच इतकी उंच करायची की ओहोटीच्या पाण्यातून सरळ पार. काठीवरची खाच म्हणजे त्या पाण्याची उंची, आणि वानेतचा हौदा खाचेच्या वर आला पाहिजे. घरी एकुलती एक मुलगी, हलीमा. आई नसलेल्या पोरीला आत्यानं वाढवलेलं. तिचं लग्न झालं होतं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि त्याआधी वानेत पोचायलाच हवी होती.

प्रथम त्यांनी चाकांवरच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, जादा पाटे घातले. मग कमानींखाली ठोकळे. मग टायर. सहाशे-सोळा मापाचे काढून साडेसातशे-सोळाचे बसवले, ते चांगले चार इंचांनी मोठे. काठी लावली, तर गाडी दोनच इंच उचललेली.

"बाकीचे दोन इंच कुनी खाल्ले?" त्यांनी इराणी फिटरला, उस्तादला, विचारलं.

उस्तादनं बोटानं वाळूत चाक काढलं. मधोमध ठिपका दिला. अर्धी वाढ ठिपक्याच्या वर, अर्धी खाली, आणि गाडी उचलते ती खालची. दाऊदभाई बराच वेळ त्या चाकाकडे बघत राहिले. "म्हंजे वरचा अर्धा फुकट?" ते म्हणाले. त्यांना आयुष्यात अनेकांनी फसवलं होतं, पण टायर फसवेल असं वाटलं नव्हतं.

मोठ्या टायरांना मडगार्ड घासू लागले, ते त्यांनी कापले. स्पीडोमीटर खरा वेग सांगेना. स्टिअरिंग फिरवताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगत. आणि मला आत चढायला संत्र्यांची रिकामी पेटी लागू लागली. ते खाली उतरून पेटी मांडत, मला चढवत आणि पेटी परत हौद्यात टाकत. "ये वानेत है या ऊंट?" उस्ताद विचारायचा. एवढं करूनही हौदा खाचेच्या दोन बोटं खालीच राहायचा.

एकदा मी चिडून बोललोच. "दाऊदभाई, मुंबईचं कस्टम तुम्हाला या गाडीचा नटसुद्धा उतरवू देणार नाही."

"मचव्याचा तांडेल आपला मानूस हाय," ते म्हणाले. आणि काठी घेऊन बाहेर पडले. समजूत घालायला जावं तर हा माणूस आपल्यालाच उंटावरचा शहाणा ठरवतो, म्हणून मी नाद सोडला.

हलीमाला सातवा लागल्याचं पत्र आलं आणि त्यांची झोप उडाली. वाळवंटात मोडून पडलेल्या एका ट्रकचे नऊशे-सोळाचे चार टायर त्यांनी कुठूनसे मिळवले, आणि एका शुक्रवारी उस्तादनं ते बसवले. जॅक खाली आला. दाऊदभाईंनी काठी उभी केली. हौदा खाचेच्या बोटभर वर. त्यांनी टायरवरून गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. उस्तादनंसुद्धा चेष्टा केली नाही.

त्यांच्या खिशात सकाळी आलेलं पत्र होतं. गावचे मास्तर मराठीत लिहीत, म्हणून वाचायचो मी. "वाचा आता," ते खुशीत म्हणाले. मी तिथंच वाचलं. खाडीवर नुकताच लहानसा पूल झाला होता. हलीमाला दिवसांआधीच कळा लागल्या, ऐन ओहोटीला. जावई बैलगाडीतून पुलावरून घेऊन गेला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. नाव मरियम ठेवलं.

मी अभिनंदन करायला हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"पाय भिजले नाय पोरीचे?" त्यांनी विचारलं.

"पुलावरून गेली ना. कसे भिजतील?"

ते टायराला टेकून खाली बसले. "मरियम माजी बायको," ते म्हणाले. सहा वर्षांत त्यांच्या तोंडून हे नाव मी प्रथमच ऐकत होतो. "हलीमाच्या वक्ताला खाडीवर आनली तिला. ओहोटी. मी काठी घेऊन पान्यात उतरलो, पानी हितवर आला." त्यांचा अंगठा खाचेवर होता. "घाबरलो. भरतीला होडीनं जाऊ म्हनून परत फिरलो. भरती आली तवा हलीमा रडत होती. मरियम नव्हती." मग म्हणाले, "कमरेएवढाच होता, भाऊ. खांद्यावर घेऊन गेलो असतो."

सहा वर्षं ज्या काठीला मी हसलो, तिच्याकडे बघण्याची मला लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी ठोकळे काढले, जादा पाटे काढले आणि जुने सहाशे-सोळा परत बसवले. फिरून येऊ म्हणाले. मी सवयीनं पेटीची वाट बघत उभा राहिलो. पेटी नव्हती. नुसता पाय टाकला आणि आत बसलो.

समुद्राजवळ गाडी थांबवून त्यांनी मला पत्र लिहायला सांगितलं. सगळ्यांना दुवा, सलाम. मग म्हणाले, "लिवा, पुलावर नातीला खाली सोडू नका. खांद्यावर घ्या."

"अहो, आता पूल आहे की," मी म्हणालो.

"हाय," ते म्हणाले. "आनि पानी चढला तर?"

मी तसंच लिहिलं.