चक्क्याचं फडकं

“आई, बरणीच्या तोंडाचं फडकं कुठंय?”

चारूला पाहायला आलेली पुण्याची मंडळी फाटकाशी उतरत होती आणि तिचा भाऊ प्रशांत दिवाणाखालून ओरडत होता.

“चक्क्याला बांधलं ना!” पद्मावतीबाई म्हणाल्या. “मलमल छान होती, धुऊन घेतली. कायको रे?”

“आई, त्या बरणीत गोचीड होते!”

प्रशांत गोचिडांच्या लाळेतल्या प्रथिनांवर संशोधन करी. प्रयोगशाळेतली वीज जाणार म्हणून बरणी घरी आणलेली. आता ती रिकामी होती.

“रोगाचे नाहीत, तिथंच वाढवलेले. पण उपाशी आहेत,” तो कुजबुजला. “आणि ते श्वासाच्या रोखानं येतात. जो जास्त बोलेल, त्याच्याकडे. कुणी तोंड उघडू नका.”

उभ्या बरकतपुरा मोहल्ल्यात पद्मावतीबाईंचं घर आवाजावरून ओळखलं जाई. चारूची आधीची दोन स्थळं ‘मुलगी फार बोलते’ म्हणूनच फिसकटलेली. हा मिलिंद तिसरा, कॉम्प्युटरवाला, अमेरिकेला निघालेला. गोचिडांचं सांगावं तर पुन्हा या दारात कोण येतंय? देवा रे, आजचा दिवस निभावून ने!

मिलिंदची आई वंदनाताई नेमक्या दिवाणावरच बसल्या.

“हैदराबादला उकाडा फार, नाही?”

पद्मावतीबाईंनी मान हलवली.

“मुलीला गाण्याची आवड आहे?”

चारूच्या वडिलांनी, मुकुंदरावांनी, डोळे मिटून घेतले. चारू ओठ घट्ट आवळून, नाकानं जपून जपून श्वास घेत होती. स्वयंपाकघरात चक्क्याचं पाणी पातेल्यात पडत होतं. टप... टप. दिवाणाच्या झालरीत काहीतरी हललं आणि पद्मावतीबाईंनी झटकन पाय मागे ओढले. पायावर काही चढतंय का? पण कळणार कसं? त्या लाळेनं जागा बधिर होते, असं प्रशांतच एकदा जेवताना सांगत होता. त्या दिवशी त्यांनी त्याला ताटावरून उठवलं होतं.

शांतता अंगावर येऊ लागली तशा वंदनाताई जास्तच बोलू लागल्या. आपलं पुणं, आपल्या नणंदा, आपला दुखरा गुडघा. चांगला तासभर. शेवटी उठताना म्हणाल्या, “किती शांत माणसं हो तुम्ही! कळवते.”

रिक्षा वळताच घरानं एकदम श्वास सोडला. सगळ्यांनी मिळून दिवाण उलटा केला, सतरंज्या झटकल्या, झालर उसवली. एकही गोचीड सापडला नाही.

“गेले कुठं मग?” चारूनं विचारलं.

“जो जास्त बोलेल त्याच्याकडे,” मुकुंदराव हळूच म्हणाले. तासाभरात बोललं कोण, हे आठवून सगळ्यांच्या नजरा फाटकाकडे वळल्या.

संध्याकाळी फोन वाजला. पद्मावतीबाईंनी उचलला.

“मुलगी पसंत आहे!” वंदनाताई पलीकडून खणखणीत आवाजात म्हणाल्या. “अशी अबोल सून शोधूनही मिळायची नाही. आणि गंमत सांगू? तुमच्या घराचा मला मोठा गुण आला. तिथून निघाल्यापासून माझा गुडघा दुखायचाच थांबलाय!”

पद्मावतीबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला.

प्रशांत चिमटा आणि रिकामी बरणी घेऊन त्यांच्या कानाशी आला.

“विचार ना,” तो म्हणाला. “कुठला गुडघा?”