मास्तरांचा पोचा

पिपाणीने मास्तरांच्या ट्रम्पेटचा पोचा काढला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पुढचा तासभर ती स्वतःवर इतकी खूश होती, की ट्रम्पेटच्या चकाकत्या अंगात स्वतःचा पसरट चेहरा बघून तिने त्यालाच "काय हात आहे गं बाई तुझा" असं सांगून टाकलं.

पिपाणी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. तान्ही असताना ती रडायला लागली की शेजारचे खिडक्या लावून घेत, त्यावरून बाबांनी ठेवलेलं. बाबा पितळी वाद्यं दुरुस्त करत. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. भिंतीवर तुटकी ट्रम्पेटं टांगलेली, कोपऱ्यात एक ट्रॉम्बोन आपला लांबलचक पाय पसरून बसलेला, आणि मधोमध बाबांचं कामाचं टेबल. या टेबलाशी बसायची परवानगी पिपाणीला तीन आठवड्यांपूर्वी मिळाली होती. नववीतल्या मुलीला दुसरं कुणी आकाश दिलं असतं तरी तिने ते परत केलं असतं.

परवानगीला एकच अट होती. "चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच करायचं," बाबा म्हणाले होते. "एक काम जास्तीचं केलंस की स्टूल उचलून माळ्यावर."

मास्तरांच्या ट्रम्पेटला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "मधली कळ अडकते." पिपाणीने कळ काढली, पुसली, तेल घातलं, दहा मिनिटांत मोकळी केली. मग तिचं लक्ष कर्ण्याकडे गेलं, म्हणजे ट्रम्पेटच्या पुढच्या फाकलेल्या तोंडाकडे. तिथे अंगठा सहज मावेल असा गोल खड्डा. मास्तर म्हणजे शहराच्या बँडचे प्रमुख, संध्याकाळी बागेत सगळ्या गावासमोर वाजवणार, आणि वाद्य असं? बिचाऱ्यांना सांगायला संकोच वाटला असेल, असं तिने ठरवलं. बाबा सुटे भाग आणायला गेले होते. तिने आधी मोबाईलवर ट्रम्पेटसकट स्वतःचा फोटो काढला, "आधी" असं लिहून मैत्रिणींना पाठवला. मग कर्णा लोखंडी दांड्यावर चढवला आणि आतून गुळगुळीत पोलादी गोळा फिरवत फिरवत पोचा असा नाहीसा केला, की पितळेला स्वतःलाही आठवू नये.

बाबा आले, त्यांनी पिशवी ठेवली, ट्रम्पेट उचललं, आणि पुन्हा ठेवून दिलं. मग स्वतःही ठेवल्यासारखे स्टुलावर बसले.

"पोचा कुठंय?"

"काढला," पिपाणी म्हणाली. "छान निघालाय ना?"

"छान निघालाय," बाबा अगदी मवाळ आवाजात म्हणाले. हा आवाज ते फार मोठ्या संकटासाठी राखून ठेवत. "इतका छान निघालाय, की तुला आणि मला आज घर सोडून जावं लागणार आहे. पिपाणीबाई, मास्तरांचा सगळा आवाज त्या पोच्यात आहे."

"पोच्यात?"

"असं ते मानतात. अकरा वर्षांपूर्वी ट्रम्पेट पडलं, पोचा आला, आणि त्याच संध्याकाळी ते आयुष्यात वाजवलं नव्हतं इतकं गोड वाजवून गेले. तेव्हापासून त्याला कुणी बोट लावायचं नाही. आधीच्या मिस्त्रीने नुसतं 'काढून देऊ का' विचारलं म्हणून त्याच्याकडे जाणं बंद झालं."

"पण आवाजाला काय फरक पडतो त्याने?"

"काडीचा नाही. ओठांना लावायच्या माउथपीसची वाटी खोल असली तर आवाज जाड आणि गोल येतो, उथळ असली तर टोकदार. तोंडाकडच्या नळीत डाळीएवढा जरी पोचा आला तरी फुंकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गळा धरलाय. तिथे हवा अरुंद वाटेने जाते ना. पण इकडे कर्ण्यापाशी वाट हातभर रुंद. तिथल्या खड्ड्याचं हवेला काय पडलंय?"

"मग सांगायचं मास्तरांना."

"तू सांग. मी अकरा वर्षं मान डोलावतोय."

मास्तर दोन वाजता येणार होते. सव्वाबारा झाले होते. स्टुलाकडे बघत पिपाणी म्हणाली, "मग परत घालू या."

आता बाबांनी आयुष्यात हजारो पोचे काढले होते, पण घातला एकही नव्हता. त्यांनी भिंतीवरचा एक भंगार कर्णा घेतला, लाकडी हातोडी उचलली, आणि हात हवेत थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा हातोडी खाली आली ती इतक्या मायेने, की कर्ण्याला गुदगुल्या झाल्या असतील.

"होत नाही गं माझ्याच्याने," ते म्हणाले.

आवाज ऐकून आई आतून आली. आई दातांच्या दवाखान्यात काम करायची, त्यामुळे कुणी कण्हत असेल तर ती घाबरत नसे, आधी दिवा लावून आत बघे. तिने सगळं ऐकून घेतलं, एकदा नवऱ्याकडे आणि एकदा लेकीकडे बघितलं. "दोघंही सारखीच," ती म्हणाली. "एकीला न सांगितलेलं करायचं असतं, एकाला सांगायचं ते सांगायचं नसतं. द्या इकडे."

आईने भंगार कर्ण्यावर पळीने मारून बघितलं. पोचा आला, पण लांबट. पिपाणीने हातोडीच्या गोल टोकाने मारला, तो फार टोकदार आला, मुरुमासारखा. पत्रा पातळ असल्यामुळे सगळं लगेच उमटायचं आणि काहीच मनासारखं उमटत नव्हतं. पाऊण तासात चार भंगार कर्ण्यांची तोंडं देवी येऊन गेल्यासारखी झाली. शेवटी हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेलेली पिपाणी दारातच उभी राहिली आणि दाराच्या गोल मुठीकडे बघत राहिली.

मूठ अंगठ्यापेक्षा जरा मोठी, गुळगुळीत, घट्ट. पाचवा भंगार कर्णा तिच्यावर आपटला, आणि पोचा आला तो हुबेहूब.

मग मुख्य कार्यक्रम झाला. बाबांनी दार दोन्ही हातांनी धरलं आणि डोळे मिटून घेतले. आईने मोबाईलवरचा फोटो समोर धरला.

"फोटोत कर्णा समोर तोंड करून आहे, आणि पोचा तुझ्या उजव्या हाताकडे," आई म्हणाली. "जरा वर. नाही, एवढं वर नाही. हं, तिथेच."

पिपाणीला स्वतःला बाजू आठवत नव्हती. दांड्यावर गोल गोल फिरवताना ट्रम्पेटला बाजू अशी उरतच नाही. पण फोटो होता, फोटो कशाला खोटं बोलेल? तिने श्वास घेतला आणि ट्रम्पेट मुठीवर आपटलं. ठप्प. बाबांच्या तोंडून, कुणी त्यांच्याच बरगडीत मारावं तसा आवाज निघाला.

पोचा देखणा आला. तेवढाच, तसाच. तिघंही त्याच्याकडे बाळाच्या पहिल्या दाताकडे बघावं तसं बघत राहिली.

"एक सांग," आई मोबाईल जवळ नेत म्हणाली, "तुझ्या शर्टावरची अक्षरं या फोटोत उलटी का दिसतायत?"

पिपाणीने फोटो बघितला. तिने तो पुढच्या कॅमेऱ्याने, स्वतःला बघत काढला होता. तो कॅमेरा आरशासारखा. उजवं डावं, डावं उजवं.

"आई," ती हळूच म्हणाली, "पोचा दुसऱ्या बाजूला होता."

आणि दारावरची घंटी वाजली. दीड वाजला होता. मास्तर अर्धा तास लवकर आले होते, कारण कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना घरात बसवत नसे.

"झालं का मिस्त्री? नमस्कार वहिनी," म्हणत ते आत आले. उंच, सडपातळ, कोटाची सगळी बटणं लावलेली. बाबांनी ट्रम्पेट त्यांच्या हातात दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. मास्तरांनी कळ दाबून बघितली, ओठ ओले केले, आणि वाजवलं.

खोली भरून गेली. एक लांब, गोल, मधाळ सूर दाराबाहेर रस्त्यापर्यंत गेला. मग ते वर चढले, अगदी टोकापर्यंत, आणि तिथून अलगद खाली उतरले. पिपाणी स्टुलाची कड धरून उभी होती.

"वा," मास्तर म्हणाले. "कळ लोण्यासारखी चालतेय." त्यांनी ट्रम्पेट खाली घेतलं आणि सवयीने डावा अंगठा कर्ण्यावर फिरवला. अंगठा थांबला. पुन्हा फिरला. मग त्यांनी ट्रम्पेट उलटं करून बघितलं.

"मिस्त्री," ते शांतपणे म्हणाले, "पोचा इकडून तिकडे गेलाय."

पिपाणीला वाटलं, आता गप्प राहिलं तर स्टूल कदाचित वाचेल. कदाचित बाबाच काहीतरी सांगतील, हवामान वगैरे. पण बाबांच्या कानाची पाळी लाल होत चालली होती, आणि ते तिला बघवेना.

"बाबांनी नाही केलं, काका," ती म्हणाली. "मीच पोचा काढला. न विचारता. मग परत घातला, तो चुकीच्या बाजूला गेला. न्हाणीघराच्या दारावर."

"दारावर," मास्तर म्हणाले.

"मुठीवर."

मास्तर खुर्चीत बसले. मग बाबांना म्हणाले, "म्हणजे मधे काही काळ याला पोचाच नव्हता. आणि आता भलतीकडे आहे. आणि मी आत्ता वाजवलं ते तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"मग खरं सांगा. पोच्याने आवाज बदलतो का?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईने भुवई उचलली, दवाखान्यात 'तोंड उघडा' सांगताना उचलायची तशी.

"नाही मास्तर," बाबा म्हणाले. "तिथल्या पोच्याने नाही. तुमची माउथपीसची वाटी खोल आहे, कर्णा पातळ पत्र्याचा आहे, त्याने थोडं होतं. बाकी काही नाही."

"मग अकरा वर्षं ते गोड वाजत होतं ते..."

"तुम्हीच वाजवत होता," आई म्हणाली.

मास्तर हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं.

"वहिनी, अकरा वर्षं मी प्रवासात हे मांडीवर घेऊन बसतोय. लेकरासारखं. कुणाचा धक्का लागून दुसरा पोचा आला तर, म्हणून. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घास उतरत नाही." त्यांनी एक लांबलचक श्वास सोडला, जो बहुधा अकरा वर्षं आतच राहिला होता. "म्हणजे आता सरळ सामानाच्या फळीवर ठेवता येईल."

"खुशाल ठेवा," बाबा म्हणाले, आणि त्यांचाही श्वास सुटला.

"हा पोचा काढून देऊ का?" पिपाणीने विचारलं. यावेळी विचारलं.

"राहू दे. चांगला जमलाय." मास्तरांनी ट्रम्पेट काखेत मारलं, छत्री मारावी तसं, आणि शीळ घालत निघून गेले. आईने त्यांना जेवून जायचा आग्रह केला असता, पण पळी अजून दुकानात होती आणि कुणाचंच जेवण झालेलं नव्हतं.

जेवताना बाबा स्टुलाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पिपाणीनेही विचारलं नाही. बोलले नाहीत म्हणजे बरं की वाईट, हे कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर बँडमधले तिघं पायरीवर बसलेले. दोघांकडे ट्रम्पेट, एकाकडे नवाकोरा ट्रॉम्बोन.

"काल मास्तरांनी काय वाजवलं म्हणून सांगू," ट्रॉम्बोनवाला म्हणाला. "विचारलं तर म्हणाले, पोचा एका बाजूचा काढून दुसऱ्या बाजूला बसवून घेतलाय. आम्हालाही तसाच हवाय."

"हे बघा, त्याने आवाजात काहीही फरक पडत नाही," बाबा म्हणाले. ठामपणे, स्पष्ट शब्दांत, अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपणहून.

तिघांनी एकमेकांकडे समजल्यासारखं बघितलं.

"तुम्ही असंच सांगाल, हेही मास्तर म्हणाले होते," ट्रॉम्बोनवाला म्हणाला.

बाबांनी हातोडी उचलली, आणि नव्याकोऱ्या ट्रॉम्बोनकडे बघून त्यांचा हात पुन्हा हवेतच थांबला. मग त्यांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"हे काम माझं नाही," ते म्हणाले. "तिच्याशी बोला."

पिपाणी स्टुलावर बसली, कोरी चिठ्ठी पुढे ओढली, आणि पेनाचं टोपण काढत म्हणाली, "कुठल्या बाजूला हवाय, ते आधी लिहून द्यायचं."