दुसरी फीत

आमच्या शाळेत धावण्याच्या प्रत्येक शर्यतीला दोनदा फीत ताणली जायची. एकदा पहिल्या येणाऱ्यासाठी, आणि मग लगेच पुन्हा, शेवटच्या येणाऱ्यासाठी. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. तो आमच्या पी.टी.च्या मगदूम सरांचा होता. दुसऱ्या वेळी फितीचं एक टोक सरांच्या हातात असायचं आणि दुसरं, जो पहिला आला त्याच्या हातात. जिंकणाऱ्यानं बसायचं नाही, घरी पळायचं नाही, शेवटचा येईपर्यंत टोक धरून उभं राहायचं. कुणी कुरकुरलं की सर शांतपणे म्हणायचे, "मैदान अजून रिकामं न्हाय."

शेवटचा आला की त्यानंही छातीनं फीत ओढायची, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग जिंकलेल्यानं टोक ताणून धरायचं आणि सर ती लाल फीत गुंडाळत गुंडाळत त्याच्यापर्यंत चालत यायचे. शेवटचा वेढा झाला की म्हणायचे, "झालं रिकामं." तेव्हा आम्ही सुटायचो.

सर कर्नाटकच्या हद्दीकडचे. नोकरीसाठी शाहूवाडीच्या आमच्या डोंगरी गावात आले आणि तिथंच राहिले. शर्यत सोडताना ते "ओंदु, येरडु, मूरु" असं कानडीत मोजायचे. नवीन मुलं येरडूलाच सुटायची. मैदानावर रेघा मारून उरलेला चुना ते आपल्या कॅनव्हासच्या बुटांना फासायचे, त्यामुळे सर कुठून कुठे गेले ते पांढऱ्या ठशांवरून कळायचं. मुलींना ते अक्का म्हणायचे, पाचवीतल्या मुलीलासुद्धा. फक्त कुणावर नाराज झाले तर आडनाव घ्यायचे.

शेवटच्याला टाळ्या मिळतात म्हटल्यावर एकदा दोन मुलं मुद्दाम मागं रेंगाळली आणि फितीच्या दहा पावलं अलीकडे येऊन थांबली. हा म्हणतो तू जा की, तो म्हणतो पहिल्यांदा तू. सर हलले नाहीत. "थांबा निवांत," म्हणाले, "मला घाई न्हाय." शाळा सुटली, मैदानात गुरं आली, त्यातल्या एकाची आई शोधत आली. शेवटी दोघंही भुकेनं रडवेले होऊन एकमेकांचा हात धरून फितीत घुसले. पुन्हा कुणी तो प्रयोग केला नाही.

दुसऱ्या एका वर्षी प्रमुख पाहुणे पन्हाळ्याहून उशिरा पोचले. त्यांनी जीपमधून उतरताना फीत सुटलेली पाहिली, टाळ्या ऐकल्या, आणि सरळ जाऊन शेवटी आलेल्या मुलाच्या गळ्यात हार घातला. वर त्याच्या वेगाचं कौतुक करणारं भाषणही केलं. हेडमास्तर घामाघूम झाले होते. सर मात्र खाली मान घालून हसत होते. नंतर म्हणाले, "राहू दे. त्याच्या गळ्यात पुन्हा कोण घालणार हाय?"

सर डेअरीमागच्या एका खोलीत एकटे राहायचे. बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या खोलीची एक गंमत होती. दाराला कुलूप असायचं आणि आत रेडिओ चालू असायचा. सर सकाळी जाताना रेडिओ लावूनच जायचे. शेतीचे भाव, बातम्या, गाणी, सगळं रिकाम्या खोलीला ऐकू जायचं. आम्ही म्हणायचो, सरांनी घर राखायला रेडिओ ठेवलाय. एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "दार उघडल्यावर कोणतरी बोलत असलेलं बरं वाटतंय." तेव्हा आम्ही यावरही हसलो.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती सांगायची नसती तर मी हे लिहिलंच नसतं.

मी नववीत होते, शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. तालुक्याच्या स्पर्धा आमच्याच मैदानावर होत्या. पंधराशे मीटरमध्ये मी पहिली आले. आमच्या घरात त्याआधी कुणीच कशात पहिलं आलं नव्हतं, कारण शाळेतच कुणी फारसं गेलं नव्हतं. कोल्हापूरच्या एका वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता. त्यानं मला बोलावलं. त्याच वेळी सरांनी फितीचं टोक पुढे केलं. "धर अक्का. सुमन यायची हाय."

सुमन माझ्याच बाकावर बसायची. तिला दमा होता. तिचा जवळजवळ एक फेरा बाकी होता. कॅमेरावाला घड्याळ बघत होता, त्याला बस गाठायची होती.

मी म्हणाले, "सर, ती काय येत न्हाय. मधीच बसंल बघा. तिच्यासाठी किती वेळ थांबायचं?"

सरांनी टोक तसंच पुढे धरलं होतं. मी गेले. फोटो काढून परत आले तेव्हा सुमन पोचली होती आणि गुडघ्यांवर हात ठेवून खोकत होती. फितीचं दुसरं टोक सरांनी आपल्या सायकलच्या हँडलला बांधलं होतं. फीत ते एकटेच गुंडाळत होते. ती सारखी पीळ खात होती. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे, कांबळे."

नंतर ते मला रागावले नाहीत. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पहाटे पळवायचे तेही थांबलं नाही. पण दहावी होईपर्यंत मी जेव्हा जेव्हा पहिली आले, तेव्हा सरांनी टोक माझ्या हातात दिलं नाही. ते मुकाट्यानं सायकल आणून उभी करायचे. आणि मी कांबळेच राहिले. सुमन दहावीला आलीच नाही. तिचं लग्न झालं. तिला मी काय म्हणणार होते, ते राहूनच गेलं.

बाबांनी तो फोटो कापून कितीतरी दिवस टोपीत ठेवला होता. खालची अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण मी ओळखू येत होते. कोल्हापूरला कॉलेजात आले तेव्हा तो त्यांनी मला दिला. हॉस्टेलवर एकदा नीट पाहिला. मी छाती काढून उभी आहे, आणि माझ्या खांद्यामागे पुसट दिसतं ते सायकलचं चाक, एक ताणलेली रेघ, आणि तिच्याकडे येणारी एक वाकलेली मुलगी.

मी दुसऱ्या वर्षाला असताना सरांचं पोस्टकार्ड आलं. 'एकतीस तारखेला निवृत्त होतोय. तीन वाजता कार्यक्रम. जमलं तर ये.' मी ठरवलं की त्या दिवशी माफी मागायचीच. वाक्य तयार केलं, पाठही केलं. सकाळी प्रॅक्टिकल होतं, ते लांबलं. मग एसटी घाटाच्या अलीकडे बंद पडली. पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. मंडपवाले खुर्च्या टेम्पोत भरत होते. मी शिपाईमामांना विचारलं, तर म्हणाले की तास-दीड तासातच आटोपलं, हेडमास्तरांना लग्नाला जायचं होतं. सर कुठे आहेत विचारल्यावर त्यांनी मैदानाकडे बोट केलं.

सर मैदानाच्या टोकाला उभे होते. बुटांना ताजा चुना. शाल सायकलच्या कॅरिअरला अडकवलेली. एका हातात फीत, आणि तिचं दुसरं टोक हँडलला बांधलेलं.

मी पळत सुटले. साडी होती, चपला होत्या, कशीही पळाले. फीत छातीला लागली आणि सरांच्या हातातून सुटली. सरांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

पाठ केलेलं वाक्य मला आठवेना. मी म्हणाले, "सर, सगळे गेले की."

"गेले. पण तू यायची व्हतीस न्हवं," ते म्हणाले. मग सायकलपाशी गेले, हँडलची गाठ त्यांना लवकर सुटेना, ती दातांनी सोडवली आणि टोक माझ्यापुढे धरलं. "धर अक्का."

मी टोक धरलं. जमेल तितकं ताणून धरलं. सर दुसऱ्या बाजूनं हळूहळू गुंडाळत येऊ लागले. मला ते नीट दिसत नव्हते. मधल्या वर्षांत त्यांचा एक गुडघा गेला होता, त्यामुळे वेळ लागत होता, आणि मला वाटत होतं की अजून थोडा लागावा. शेवटी ते माझ्यासमोर आले. माझ्या बोटांतलं टोकही त्यांनी वेढ्यात घेतलं. कुठेही पीळ पडला नव्हता.

त्यांनी एकदा सगळ्या मैदानावरून नजर फिरवली.

"झालं रिकामं," म्हणाले, आणि सायकल हातात धरून खोलीकडे निघाले. दुरून रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत होत्या.