टाकीपासून वर

पाण्याच्या टाकीपाशी गाडी आली की कुणाला काही सांगावं लागत नसे. इंजिन दोनदा ठसकल्यासारखं करी, चष्मेवाला हँडब्रेक ओढी आणि मागची दोन्ही दारं एकाच वेळी उघडत. एका दारातून त्याची बायको उतरे, दुसऱ्यातून सासूबाई. बायकोचा हँडब्रेकवर विश्वास नव्हता, म्हणून ती रस्त्याच्या कडेचा एखादा दगड मागच्या चाकाला लावी. मग हलकी झालेली गाडी कण्हत-कुंथत घरापर्यंत चढे आणि मायलेकी मागून पायी येत. येताना बायको तो दगड पिशवीत घालून आणी, कारण घरासमोरही उतारच होता आणि रात्रभर गाडीला टेकू लागे.

आठवड्याची खरेदी झाली की दर शनिवारी हे असंच चाले. इतक्या वर्षांत त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. वाटलं ते दातांच्या डॉक्टरांनी नवी गाडी घेतल्यावर.

डॉक्टर शेजारच्याच घरात राहत. त्या शनिवारी मायलेकी चढावर असताना त्यांची पांढरीशुभ्र गाडी आवाज न करता येऊन थांबली. "आजी, बसा ना, वरच चाललोय," असं म्हणून ते सगळे दात दाखवून हसले. सासूबाईंचा गुडघा त्या दिवशी ठणकत होता. त्या बसल्या. घरासमोर चष्मेवाला गाडी पुसत उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या सासूबाई परक्या गाडीतून उतरल्या.

"जावईबापू," त्या कौतुकाने म्हणाल्या, "यांच्या गाडीत बसलं ना, की चढ आहे हे कळतच नाही हो. मला वाटलं रस्ता बदलला."

रात्री चष्मेवाल्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने विषय काढला. ती शाळेत विज्ञान शिकवत असे आणि घरातही कमी बोलून पूर्ण बोलत असे.

"आईच्याने आता चढवत नाही. गाडी काढू या. भंगारवाल्याशी बोलले मी. पुढच्या रविवारी येतोय."

"भंगारवाला? अगं, बाबांची गाडी आहे ती!"

"माहितीय. म्हणून तर आठवडाभर थांबा म्हटलं त्याला."

गाडीच्या स्टिअरिंगवर वडिलांच्या अंगठ्याने झिजलेली एक जागा होती. चष्मेवाल्याचा अंगठा नेमका तिथेच बसे. ती जागा आता कुठल्याशा भट्टीत वितळणार होती.

"आणि आईंना टाकीपाशी न उतरवता वर आणलं तर?"

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. "शनिवारी आणा. तिघं बसून, पिशव्यांसकट. आणलंत तर गाडी राहील, मी पुन्हा नाव काढणार नाही."

चष्मेवाला ताडकन उठला आणि मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीचं गॅरेज बाजाराच्या मागे होतं. जगात असं कुठलंच यंत्र नाही ज्याला दुसऱ्या यंत्राचा भाग बसत नाही, अशी त्याची श्रद्धा होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, बॉनेट उघडलं आणि सर्दी झालेल्या मुलाकडे पाहावं तसं इंजिनाकडे पाहिलं.

"हिला दम कमी पडतोय, साहेब. टर्बो लावू या."

"या गाडीला?"

"का? तिला नाक नाही? हवा जास्त कोंबायची, की ताकद वाढली. नवीन टर्बो आपल्याला परवडायचा नाही. पण भंगारात एका माल वाहायच्या व्हॅनचा पडलाय. पाइप, क्लिपा, जाळी असलं किरकोळ काहीही चालतं."

किरकोळ म्हणजे काय ते पुढच्या चार दिवसांत कळलं. टर्बो भंगारातून आला. तो गोगलगाईसारखा दिसत होता आणि फुंकर मारली की खरंच फिरत होता. बसवायचं सामान इंटरनेटवरून मागवलं. खोक्यात सूचनांचा कागद होता, पण त्यावरची लिपी ओळखीची नव्हती आणि चित्रातली गाडी उलटी होती. क्लिपा नळवाल्याकडच्या. हवेचा मोठा पाइप मात्र कुठे मिळेना, तेव्हा चष्मेवाल्याला घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची आठवण झाली. त्याचा पाइप त्याने सदऱ्याखाली गुंडाळून आणला. चालताना पोट पुढे आलेलं पाहून डॉक्टरांनी "तब्येत सुधारली हं!" असं म्हटलं.

संध्याकाळी सासूबाई व्हॅक्यूम क्लीनर समोर ठेवून बसल्या होत्या. "अगं, ह्याचा घसाच कुणीतरी नेलाय! मोटार आहे, चाकं आहेत, घसा नाही!"

चष्मेवाला वर्तमानपत्रात आणखी खोल शिरला. बायकोने त्या भोकाकडे पाहिलं, वर्तमानपत्राकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हवा वाढवलीत, ते ठीक. पण नुसत्या हवेने काय होणार? डिझेल कोण वाढवणार?"

दुसऱ्या दिवशी त्याने हा प्रश्न स्वतःचा म्हणून मिस्त्रीला विचारला. मिस्त्री चपापला. मग म्हणाला, "तेच करणार होतो," आणि डिझेल वाढवायचा स्क्रू पिळला. किती पिळायचा हे ठाऊक नसल्यामुळे तो थांबेपर्यंत पिळला.

"बाकी गाडी जड आहे हो तुमची," तो कपाळ पुसत म्हणाला. "मागून जॅक लावला तर वर उचलेना. शेवटी डिकी मोकळी केली, तेव्हा उचलली."

"जुनं लोखंड," चष्मेवाला अभिमानाने म्हणाला. "आता असं कोण देतं?"

शुक्रवारी सपाट रस्त्यावर चाचणी झाली. चष्मेवाल्याने ॲक्सिलरेटर दाबला. काहीच झालं नाही. आणखी दाबला. तरी काही नाही. "अहो मिस्त्री, हे तर..." असं तो म्हणेपर्यंत बॉनेटखालून शिट्टी ऐकू आली आणि गाडीने अशी झेप घेतली, की वाक्याचा उरलेला भाग मागे राहिला. गॅरेज गेलं, बाजाराचं फाटक गेलं, त्याचं स्वतःचं चष्म्याचं दुकानही गेलं. दारात एक गिऱ्हाईक वाट पाहत उभं होतं, त्याला चष्मेवाल्याने जाता जाता हात केला. मग फाट् असा आवाज झाला आणि गाडी मवाळ झाली. फुगलेला पाइप टर्बोवरून निसटून लोंबत होता.

"वा!" मिस्त्री म्हणाला. "दाब भरपूर आहे. क्लिप कमी पडली. पट्टा द्या."

"कसला पट्टा?"

"कमरेचा. चामडं आहे ना? चामड्यासारखं दुसरं काही धरत नाही."

चष्मेवाल्याने पट्टा दिला. मिस्त्रीने तो पाइपावर आवळला, इंजिन चालू केलं आणि कान लावला. "आता सांगा, हा आवाज बरा, की आधीचा?"

दुकानात अक्षरांच्या तक्त्यासमोर लोकांना हेच विचारण्यात चष्मेवाल्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आज पहिल्यांदा त्याला कळलं, की लोक "दोन्ही सारखेच" का म्हणतात.

सगळं जोडून झाल्यावर दोन वॉशर आणि एक वाकडी नळी उरली. "जास्तीचंच देतात," मिस्त्री म्हणाला.

शनिवार उजाडला. खरेदी झाली. बायको पुढे बसली, सासूबाई गुडघ्याखाली उशी घेऊन मागे. पिशव्या डिकीत. चष्मेवाल्याचा एक हात स्टिअरिंगवर होता आणि एक विजारीवर, कारण त्याच्याकडे पट्टा एकच होता.

बाजार सोडताच बॉनेटखालून शिट्टी आली.

"एक," सासूबाई म्हणाल्या.

"एक काय, आई?"

"शिट्टी. कुकर ठेवलाय ना कुठेतरी?"

वळणावर पुन्हा शिट्टी झाली. "दोन. जावईबापू, तिसरीला बंद करा हं, नाहीतर गाळ होतो."

"आई, तो टर्बो आहे."

"असेल. गॅस बारीक करा."

टाकी दिसू लागली. गाडी टाकीपाशी पोचली आणि तिचा वेग मंदावला. मागे खट् आवाज झाला. सासूबाईंनी सवयीने दार उघडलं होतं आणि एक पाय बाहेर काढला होता.

"आई, बसा! बसा! आज उतरायचं नाही!"

"अरे बापरे, विसरलेच," असं म्हणून त्यांनी पाय आत घेतला.

चष्मेवाल्याने विजार सोडली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, अंगठा वडिलांच्या जागेवर ठेवला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. काहीच झालं नाही. तो थांबला. सपाट रस्त्यावरही आधी काही झालं नव्हतं. मग शिट्टी सुरू झाली, उंच उंच चढत गेली, सासूबाई "तीन!" म्हणून ओरडल्या आणि फाट्!

पट्टा तुटला. त्याने तो तुटल्याचं ऐकलं, आणि सगळं संपलं हे त्याला समजलं. पाइप निसटला, टर्बो गेला, आता गाडी थांबणार, मायलेकी उतरणार, उद्या भंगारवाला येणार. त्याने डोळे मिटून घेतले.

"अहो, डोळे उघडा," बायको म्हणाली. "गाडी चालतेय."

गाडी खरंच चालत होती. झेप नाही, शिट्टी नाही. पहिल्या गिअरमध्ये, एखाद्या सज्जन म्हातारीने जिना चढावा तशी एका लयीत ती चढत होती. एकच गडबड होती. स्क्रू थांबेपर्यंत पिळलेला असल्यामुळे मागून काळ्याकुट्ट धुराचा लोट निघत होता. डॉक्टर आपल्या फाटकापाशी पांढऱ्या कपड्यांत नव्या गाडीला पाणी मारत होते. गाडी त्यांच्यासमोरून गेली आणि धूर त्यांच्यावर बसला. थोडा वेळ त्या ढगात डॉक्टरांचे फक्त दात दिसत होते. मग तेही दिसेनासे झाले.

घर आलं. चष्मेवाल्याने हँडब्रेक ओढला, आज दगड नव्हता म्हणून गाडी गिअरमध्येच ठेवली आणि उतरला. विजार घसरली, ती त्याने वेळेवर पकडली.

"काय सांगू," सासूबाई सावकाश उतरत म्हणाल्या, "डॉक्टरांच्या गाडीत चढ कळत नाही. आपल्या गाडीत कळतो, आणि तरी चढते! मजा त्यात आहे."

चष्मेवाल्याला भरून आलं. पण बॉनेट उघडल्यावर ते ओसरलं. पाइप एकीकडे पडला होता, पट्ट्याचे दोन तुकडे दुसरीकडे. टर्बोचा इंजिनाशी काडीचा संबंध उरला नव्हता. मग गाडी चढली कशी?

तेवढ्यात फोन वाजला. मिस्त्री होता, आणि नेहमीप्रमाणे ओरडून बोलत होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"साहेब, तुमचे दगड कधी नेताय?"

"कसले दगड?"

"डिकीतले हो! स्टेपनीच्या खड्ड्यात, चटईखाली, सगळीकडे. मला वाटलं काहीतरी खास असतील. दाराशी ढीग झालाय, माझी स्कूटर निघेना."

चष्मेवाल्याने फोन खाली घेतला. डिकी बायकांच्या ताब्यात असे. त्याने ती कित्येक वर्षांत उघडली नव्हती.

"मी ठेवायचे," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी चाकाखालचा दगड काढून डिकीत टाकायचे. पुढच्या वेळी हाताशी असावा म्हणून. का? तू काढत नव्हतीस?"

"मला वाटायचं, हे काढतात," बायको म्हणाली.

"मग टाकीपाशी तू दगड कुठून घ्यायचीस?" चष्मेवाल्याने विचारलं.

"रस्त्यावरून. डिकीत वरती पिशव्या असायच्या ना. खालचे कोण उपसणार?"

मग बायकोने तो हिशोब मोठ्याने केला, शाळेत मांडतात तसा. "म्हणजे गाडी चढत नाही म्हणून आम्ही उतरायचो. उतरलो की दगड लागायचा. दगड डिकीत जायचा. आणि डिकी जड झाली म्हणून गाडी चढायची नाही." तिने डिकीकडे बोट दाखवलं. "आम्ही दोघी उतरायचो, आणि आमच्या वजनाचे दगड बसून यायचे."

"आरामात," सासूबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याने हळूच विचारलं, "टर्बोने चढली नाही, म्हणजे... मोजायचं की नाही?"

बायकोने त्याच्या विजारीकडे पाहिलं, पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तिघं बसून, पिशव्यांसकट, असं ठरलं होतं. कशाने ते ठरलं नव्हतं," ती म्हणाली आणि पिशव्या घेऊन आत गेली.

रविवारी सकाळी भंगारवाला आपला टेंपो घेऊन आला. गाडी मिळणार नाही हे कळल्यावर त्याचं तोंड उतरलं. चष्मेवाल्याने त्याला टर्बो दिला. त्याने तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "हा ओळखीचा वाटतोय."

"असेल," चष्मेवाला म्हणाला.

टर्बो मागे टाकून भंगारवाला निघाला, पण टेंपो उतारावर उभा होता आणि चालू होईना. तो मागे सरकू लागला. सरळ मागे डॉक्टरांची गाडी उभी होती. डॉक्टर धावत आले. "दगड! अहो, चाकाला दगड लावा कुणीतरी!"

चष्मेवाल्याने धावत जाऊन डिकी उघडली. डिकी लख्ख रिकामी होती. शेवटी सासूबाईच बागेतल्या कुंडीखालचा एक दगड घेऊन आल्या आणि बायकोने तो टेंपोच्या चाकाला लावला. टेंपो थांबला. खूप खोकून चालू झाला आणि गेला.

रस्त्याच्या मधोमध दगड उरला. सासूबाईंनी तो उचलला, हाताने झटकला, गाडीची डिकी उघडून आत ठेवला आणि झाकण नीट लावलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी हाताशी असलेला बरा."

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं.

"एकच तर आहे," ती म्हणाली.