मामा काही बोलेना

सव्वाचार वाजले होते आणि मामा आतापर्यंत एकूण पाच शब्द बोलला होता.

"मामा, कुलूप दुरुस्त करताना तुझ्या मनात काय चालतं?"

"काही नाही."

"पहिलं कुलूप उघडलंस, तेव्हा कसं वाटलं?"

"बरं वाटलं."

"आणि सगळ्यात अवघड कुलूप कुठलं?"

"तिजोरीचं."

भिंगरीनं घड्याळाकडे बघितलं. शाळेच्या माहितीपट वर्गातला एकुलता एक कॅमेरा या आठवड्यात तिच्याकडे होता. पाच वाजता सरांना तीन मिनिटांची मुलाखत दाखवायची, नाहीतर कॅमेरा वर्गातल्या चष्मिशकडे. आणि चष्मिश सकाळपासून त्या कॅमेऱ्याकडे मांजर दुधाकडे बघते तशी बघत होती.

सरांचे नियम दोनच. एक, संमतीपत्रावर समोरच्याची सही घेतल्याशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही. हा नियम भिंगरीनं सोमवारीच उरकला होता. कसा, ते कळेलच. दोन, प्रश्न विचारा आणि गप्प बसा. माणसाला शांतता सोसत नाही, तो आपणहून बोलतो.

तिनं ब्रह्मास्त्र काढलं. "मामा, तुझं कधी काही हरवलंय?"

आणि ती गप्प बसली.

मामा किल्लीवर कानस घासत राहिला. भिंतभर टांगलेल्या किल्ल्या गप्प. गल्ल्याचं अडकलेलं कुलूप घेऊन आलेले शेजारचे सलूनवाले काका स्टुलावर गप्प. तेवढ्यात मामी चहा घेऊन आली आणि सगळ्यांची तोंडं बघून दारातच थबकली. एक सेकंद, दोन, तीन...

"कळलं ना तुम्हाला?" मामीनं ट्रे आदळला. "हो, मीच दिलं मामंजींचं पितळी कुलूप भंगारात! बिनकिल्लीचं कुलूप काय पुजायचं होतं?"

कानस थांबली. सलूनवाले काका ताडकन उठले. "भंगारात? आणि हा तीन वर्षं माझ्याकडे चोर असल्यासारखा बघतोय?"

मामानं नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"असा बघू नकोस! हो, म्हणूनच तुझी मिशी दर महिन्याला डावीकडून जरा जास्त कापत आलोय!"

मामाचा हात मिशीकडे गेला.

"तरीच!" मामी म्हणाली. "मला वाटायचं, यांचं तोंडच वाकडं झालंय."

भिंगरी मनातल्या मनात नाचत होती. एवढ्यात मामानं कानस खाली ठेवली आणि तो तिच्याकडे वळला. हट्टी कुलपाकडे बघतो तसा, मान कलती करून, अजिबात घाई न करता.

"काय?" भिंगरी म्हणाली.

मामा गप्प.

"मामा, नको ना असं बघूस."

मामा गप्प.

"बरं बाई, सांगते! संमतीपत्रावर तुझी सही मीच ठोकली! तू नाही म्हणशील म्हणून!"

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आण तो कागद." मामानं सही निरखली. "इतकी सुबक माझी कधी आलीये?" ती खोडून त्यानं खाली आपली खरीखुरी, कोंबडीच्या पायासारखी सही केली. "कुलूप ठोकून उघडत नाही, भिंगरे. कान लावून थांबावं लागतं."

हेही रेकॉर्ड झालं. मामीनं आणि काकांनीही कुरकुरत सह्या केल्या. रेकॉर्डिंगच्या कापाकापीला वेळ नव्हता. भिंगरी शाळेकडे धावत सुटली.

पाच वाजता सरांनी सगळं पाहिलं. खोट्या सहीसकट. पडदा काळा झाला. सर तिच्याकडे बघत राहिले. चष्मिशनं कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर अलगद हात ठेवला.

एक सेकंद. भिंगरीच्या जिभेवर माफी आली. दोन. माफीमागून तीन सबबी आल्या. तिनं जीभ दाताखाली धरली. तीन. चार.

सरांनी घसा खाकरला. "आता खरं सांगायचं तर... माझ्या पहिल्या माहितीपटात एक आजीबाई होत्या. संमतीपत्रावर त्यांचा अंगठा होता ना..." ते छताकडे बघू लागले. "तो माझा होता."

चष्मिशचा हात पट्ट्यावरून घसरला.

भिंगरीनं कॅमेरा उचलून सरांकडे वळवला. कॅमेरा सुरू करायच्या आधी तिनं दप्तरातून एक कोरं संमतीपत्र काढलं, सरांपुढे सरकवलं आणि पेनाचं टोपण उघडून दिलं.