नाना शेळी होतात

साठी उलटली की माणसं देवाला लागतात, नाहीतर ग्रामपंचायतीला उभी राहतात. आमच्या शेजारचे किसननाना शेळी झाले.

म्हणजे अगदी हातापायांवर. गळ्यात दावं, तोंडात हिरव्या घासाची काडी आणि मुक्काम लोखंडी कॉटखाली. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, टोपी मात्र डोक्यावर तशीच. टोपी घातलेली शेळी मी आयुष्यात तेवढी एकच पाहिली.

बोरीच्या शिवारात, कुकडीच्या अंगाला आमची वस्ती. नानांचं आणि आमचं घर लागून, मधे नुसता बांध. माझं लग्न होऊन मी इथं आले तेव्हा सासूबाईंनी पहिली ताकीद दिली ती नानांची. त्यांच्या अंगणातून जायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. ते ओट्यावर आले की त्यांचा कुत्रासुद्धा उठून बसायचा. मोठ्या माणसांशी त्यांचं बोलणं म्हणजे दोन शब्द, ‘बरं’ आणि ‘मंग?’. त्यांचा मुलगा सुरेश भोसरीला कंपनीत कामाला, दोन लेकरांचा बाप, पण बापाशी बोलायचं तर दाराच्या चौकटीला धरून उभा राहायचा.

मग बिबट्या आला. ही दोन हजार सालाच्या पुढंमागची गोष्ट. त्याआधी मे महिन्यात आम्ही सगळी वस्ती अंगणात झोपायचो. गोधड्यांची ही लांब रांग, पोरांच्या भुताच्या गोष्टी, आणि मधेच कुणाची तरी आई खेकसायची, की गप पडा आता. काय दिवस होते! पुढं कॅनॉलचं पाणी फिरलं, ऊस वाढला आणि उसात बिबटे राहायला आले. दिवेलागणीला दारं लागायला लागली. वनखात्याचे पिंजरे आले. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात शेळी बांधायची, तिच्या वासानं बिबट्या पुढच्या कप्प्यात शिरला की वरून दार पडतं. पोरं तासन्‌तास ते बघत बसायची.

सुरेशची पोरं, पिंकी आणि तिच्या पाठचा सोन्या, दर मेमध्ये आजोळी नव्हे, आजोबांकडं यायची. नानांचं वर्ष त्या महिन्याभरासाठीच उगवायचं, हे कुणी बोलत नसे, पण वस्तीला ठाऊक होतं. त्या साली सोन्या अंधार पडल्यावर मोरीतसुद्धा एकटा जाईना. भोसरीला चला म्हणून रडायचा. सुरेश परत जाताना चौकट धरूनच म्हणाला, की पोरं भ्याली तर घेऊन जाईन, पुन्हा पाठवायचा नाही. नाना म्हणाले, ‘बरं.’ पण सीताकाकू, म्हणजे नानांची बायको, मला सांगत होत्या की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कॉट ओढून सोप्याच्या मधोमध आणली आणि खाली जाऊन बसले. सोन्याला म्हणाले, दावं बांध.

झालं, घराचं रान झालं. दोरीवर वाळत घातलेली काकूंची लुगडी म्हणजे ऊस. पिंकी बिबट्या. सोन्या फॉरेस्टचा साहेब, सायकलचा पंप ही त्याची भुलीच्या इंजेक्शनची बंदूक. काकूंना दुसरं काही उरलं नाही म्हणून त्या बघ्यांची गर्दी झाल्या. भाकरी थापता थापता त्यांनी ‘बाजूला सरा, बाजूला सरा’ म्हणत राहायचं. तव्याकडं लक्ष गेलं की त्या विसरायच्या, आणि मग कॉटखालून दरडावणी यायची, ‘गर्दी कुटं गेली?’

बिबट्याची पाळी फिरायची, शेळीची नाही. ती नानांनी कुणाला दिली नाही. ‘बिबट्या कुनीबी व्हईल,’ ते म्हणायचे, ‘शेरडू व्हायला अक्कल लागती.’ लहानपणी लेण्याद्रीच्या डोंगराला शेळ्या राखलेला माणूस. शेळी आधी ओरडते, मग गप्प होते, गप्प झाली की समजायचं आला, हे त्यांनी पोरांना असं शिकवलं की पोरं श्वास धरून बसायची. एकदा मी विरजण मागायला गेले. विचारलं, नाना, काकू कुठं आहेत? नानांनी माझ्याकडं बघितलं आणि बें केलं. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, पुन्हा विचारलं. पुन्हा बें. शेवटी सोन्या मला समजावून सांगायला लागला, की काकू, शेळीला बोलता येत नाही. मी तशीच रिकाम्या वाटीनं घरी आले.

पण खेळ लागू पडला. सोन्या अंधारात एकटा मोरीत जायला लागला, वर बिबट्याला दम भरत जायचा.

घोटाळा झाला तो आवाजाचा. पिंकी सिनेमातल्या वाघासारखी डरकाळी फोडायची, ते नानांना पटेना. बिबट्या करवत ओढल्यासारखा आवाज काढतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत. त्यांनी तिला रिकामा पितळी हंडा दिला आणि तोंड आत घालून श्वास आत-बाहेर ओढायला लावला. चार दिवस पोरीनं सराव केला. पाचव्या दिवशी दिवेलागणीला तिला तो अस्सल जमला.

नेमके तेव्हा आमचे हे विहिरीवरची मोटार बंद करून बांधावरून येत होते. बिबट्याला मी भीत नाही असं तालुक्याला सांगणारा हा माणूस, जो पळाला तो थेट ट्रॉलीवर चढला आणि तिथून ओरडायला लागला, की नानांच्या घरात शिरलाय. वस्ती गोळा झाली. काठ्या, डबे, ट्रॅक्टरचे दिवे, सगळं आलं. कुणीतरी फाट्यावरच्या दुकानात फोनसुद्धा केला, की वनखात्याला कळवा.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, कंपनीची सुट्टी, म्हणून सुरेश त्याच वेळी फाट्यावर एसटीतून उतरला होता. दुकानदारानं त्याला तेच सांगितलं. सडकेनं आला असता तर वेळ लागला असता. तो उसातून पळत आला, ज्या उसात त्या वेळेला आम्ही कुणी पाय टाकला नसता. एका पायात तेवढी चप्पल. कुणाचं न ऐकता त्यानं खांद्यानं दार ढकललं.

आत बल्बच्या उजेडात पिंकीचं डोकं हंड्यात, सोन्याचा पंप रोखलेला, काकू चुलीपुढून ‘बाजूला सरा’ म्हणतायत आणि नाना कॉटखाली घास चघळतायत. इतक्या दिवसांत खरी गर्दी पहिल्यांदाच आली होती. माणसं पोट धरून खाली बसली. आमच्या ह्यांनी त्या साली पुन्हा बिबट्याचं नाव काढलं नाही.

सुरेश मात्र हसला नाही. तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, उद्या सकाळच्या गाडीनं पोरं नेतो, आता पुन्हा पाठवणार नाही. सोन्या जाऊन नानांच्या पाठीमागं लपला. माणसं एकेक करून निघून गेली. काकूंनी माझा हात धरून ठेवला म्हणून मी राहिले.

मग सुरेश जन्मात पहिल्यांदा बापावर चढला. ‘आमाला कधी हसून हाक मारली नाय तुमी,’ तो म्हणाला. ‘आन ह्यांच्याफुडं शेळी व्हताय?’

नानांनी गळ्यातलं दावं काढलं. मला वाटलं, आता चिडतात. पण ते जमिनीकडं बघत बोलायला लागले, आणि मोठ्या माणसाशी एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

‘तू रांगत व्हता तवा माजा बाप ओट्यावर बसायचा. बापाफुडं आपलं पोर उचलायची चाल न्हवती. तू येऊन धोतर धरायचा, आन मी पाय सोडवून मळ्यात निगून जायचो.’ त्यांनी हातातलं दावं खाली ठेवलं. ‘लई वाटायचं. उचललं न्हाई.’

चुलीवरची भाकरी करपली, काकूंनी उलटली नाही. नाना कॉटखाली एका बाजूला सरकले, जागा केली.

‘ये. तुज्या वाटचं राह्यलंय.’

सुरेशनं पायातली उरलेली चप्पल काढली. मग वाकला आणि कंपनीच्या शर्टासकट आत शिरला. दोघं बाप-लेक गुडघे पोटाशी घेऊन शेजारी बसले. नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तान्ह्या लेकराला थोपटतात तसं थोपटायला लागले. मी काकूंच्या पदरानंच डोळे पुसले.

‘नाना,’ सुरेश खाली मानेनं म्हणाला, ‘डोकं लागतंय वर.’

‘लागू दे,’ नाना म्हणाले, आणि हात काढला नाही.

सकाळची गाडी फाट्यावरून गेली. पोरं शाळा उघडेपर्यंत राहिली. त्या साली राहिली, पुढच्या साली राहिली, नाना होते तोवर दर मेमध्ये येत राहिली. आणि त्यांना सोडायला आलेला सुरेश दोन दिवसांची रजा टाकूनच यायचा.